मिलोची भाकरी आणि परराष्ट्रनीती

परराष्ट्रनीती दिल्ली-वॉशिंग्टनच्या दालनांत ठरते आणि नांदेड-लातूरच्या सामान्य माणसाचा तिच्याशी काही संबंध नसतो, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या मराठवाड्यातील कोणाही वृद्धासमोर 'मिलो' हा शब्द उच्चारावा. हा समज किती पोकळ आहे, ते लगेच कळेल. रेशनच्या दुकानातून आलेली ती तांबडी अमेरिकन ज्वारी शाळूच्या भाकरीवर वाढलेल्या जिभेला रुचली नाही. तरीही खडी फोडून परतलेल्या माणसांनी ती गोड मानून खाल्ली. अमेरिकेत हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात, हे कानी आले तेव्हाचा सल मात्र चवीहून अधिक बोचरा होता.

या भाकरीमागे एक इतिहास आहे. अमेरिकेने १९५४ मध्ये 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा केला. शिल्लक धान्याचा निचरा करणे, आपल्या शेतकऱ्यांचे भाव सावरणे आणि शीतयुद्धात मित्र जोडणे, हे तिन्ही हेतू त्यात होते. ऑगस्ट १९५६ मध्ये भारताने पहिला करार केला आणि गहू डॉलरऐवजी रुपयांत मिळू लागला. त्या गव्हाने असंख्य जीव जगविले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु १९६५ पासून अध्यक्ष जॉन्सन यांनी हात आखडता घेतला. भारताने शेतीधोरण बदलावे हा त्यांचा आग्रह होता. व्हिएतनाम युद्धावरील आपली टीकाही त्यांना झोंबली होती. धान्य हप्त्याहप्त्याने सुटू लागले आणि बिहार दुष्काळात होरपळत असताना आपले डोळे बंदराकडे लागले. पुढे डिसेंबर १९७१ मध्ये 'एंटरप्राइझ' ही अमेरिकन युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. सवलतीच्या धान्याचे पर्वही त्याच सुमारास संपले.

त्यामुळे मिलो ही भिक्षा नव्हती, ती खरेदी होती. आणि तीही महागाईची. १९७२ मध्ये सोव्हिएत रशियाने अमेरिकेतून प्रचंड धान्य उचलल्याने जगभर भाव भडकले होते. दोन महासत्तांच्या व्यवहाराची झळ अशी मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यातील चुलीपर्यंत पोहोचली.

आज धान्याच्या जहाजाची वाट पाहावी लागत नाही, हे आपल्या शेतकऱ्यांचे व शास्त्रज्ञांचे मोठेच यश होय. परंतु खरिपाच्या ज्वारीची जागा आता बव्हंशी सोयाबीनने घेतली आहे. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. साहजिकच आयातशुल्क हलले की लातूरच्या आडत बाजारातील सोयाबीनचा भावही हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये वाढविलेले कच्च्या तेलावरील शुल्क मे २०२५ मध्ये निम्मे झाले. पूर्वी परावलंबन ताटात होते, आता ते पट्टीवर आले आहे.

अमेरिकेचा द्वेष अथवा तिची भक्ती, दोन्ही येथे निरुपयोगी आहेत. प्रत्येक राष्ट्र आपले हित पाहते. तिनेही तेच केले. प्रश्न एवढाच की, परदेशांशी व्यापाराची बोलणी होतात तेव्हा आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे हित टेबलावर कोण मांडतो? हे विचारण्याची जाण शाळा-महाविद्यालयांतून निर्माण झाली पाहिजे. मिलो खाल्लेल्या पिढीचे आपल्यावर एवढे ऋण निश्चितच आहे.