घोषणा कुणाची, गाजवली कुणी?

गल्लीतला मोर्चा असो की ग्लोबल ब्रँड, सगळ्यांना हवी असते जिभेवर बसणारी एक घोषणा! पण ती एकदा तोंडातून सुटली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. खोटं वाटतंय? हे घ्या पुरावे!

इश्क आणि इन्किलाब
'इन्किलाब जिंदाबाद' म्हटलं की भगतसिंगच आठवतात ना? १९२९ मध्ये असेंब्लीत त्यांनी ती गर्जना केली आणि ती देशभर घुमली. पण माहीत आहे का, ही घोषणा १९२१ मध्ये दिली होती शायर मौलाना हसरत मोहानी यांनी! गुलाम अलींनी गाजवलेली 'चुपके चुपके' ही गझलही याच मौलानांची. एकाच लेखणीतून चुपके चुपके प्रेम आणि खुल्लमखुल्ला क्रांती!

डबल धमाका
१९२८ ची 'सायमन गो बॅक' आणि १९४२ ची 'क्विट इंडिया', दोन्ही एकाच डोक्यातून आल्या. ते डोकं युसूफ मेहेरअलींचं. १९४२ मध्ये ते मुंबईचे महापौर होते. साहेबाला दोनदा घरचा रस्ता दाखवणारा अस्सल मुंबईकर!

देवाला जमेना, मतदाराला जमलं
१९६७, दक्षिण मुंबई. स. का. पाटील म्हणजे शहराचे अनभिषिक्त सम्राट. देवही मला हरवू शकत नाही, हा त्यांचा तोरा जॉर्ज फर्नांडिस यांच्या प्रचाराने अलगद उचलला आणि पोस्टरवर पुढची ओळ जोडली: पण तुम्ही हरवू शकता! निकाल? पाटील पडले, जॉर्ज 'जायंट किलर' ठरले.

हटाव विरुद्ध हटाव
१९७१ मध्ये विरोधक ओरडले, 'इंदिरा हटाव'. बाई म्हणाल्या, 'गरिबी हटाव'. एकच शब्द बदलला आणि ३५२ जागा खिशात! गरिबीचं काय झालं? पुढचा प्रश्न विचारा!

व्हर्जन १, २, ३
शास्त्रीजींनी १९६५ मध्ये 'जय जवान, जय किसान' दिली. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर १९९८ मध्ये वाजपेयींनी 'जय विज्ञान' जोडलं, २०१९ मध्ये मोदींनी 'जय अनुसंधान'. मोबाइलच्या अ‍ॅपसारखे अपडेट्स येतच आहेत!

रांग खोटी, विजय खरा
ब्रिटन, १९७८. पोस्टरवर बेरोजगारांची नागमोडी रांग आणि वर सत्ताधारी लेबर पक्षाला टोमणा मारणारी ओळ: 'लेबर इजन्ट वर्किंग'. माहीत आहे का, त्या रांगेत बेरोजगार नव्हतेच! होते थॅचरबाईंच्या पक्षाचे तरुण कार्यकर्ते. तेही आले जेमतेम वीस. मग काय, त्याच वीस जणांचे पुन्हा पुन्हा फोटो काढून जोडले आणि रांग लांबवली. १९७९ मध्ये थॅचरबाई पंतप्रधान!

चोरालाच मत द्या!
अमेरिकेतलं लुइझियाना, १९९१. गव्हर्नरपदासाठी एकीकडे भ्रष्टाचाराच्या आरोपांनी गाजलेले एडविन एडवर्ड्स, दुसरीकडे वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅनचा माजी म्होरक्या डेव्हिड ड्यूक. गाड्यांवर स्टिकर झळकले: 'चोराला मत द्या, महत्त्वाचं आहे!' चोर जिंकला. पुढे भ्रष्टाचारासाठी खरोखर तुरुंगातही गेला. दिलेला शब्द पाळणारी अशी घोषणा विरळाच!

हिरा है सदा के लिए...
'अ डायमंड इज फॉरएव्हर' ही ओळ फ्रान्सिस गेरेटी यांनी १९४७ मध्ये लिहिली आणि साखरपुड्याच्या अंगठ्यांचा धंदा चमकला. बाईंनी स्वतः मात्र लग्नच केलं नाही!

अंगावर काटा
नायकेची 'जस्ट डू इट' म्हणजे फुल्ल जोश! तिची ठिणगी पडली कुठून? १९७७ मध्ये बंदुकीच्या गोळ्यांनी मृत्युदंड झालेल्या गॅरी गिलमोर या खुन्याच्या 'लेट्स डू इट' या अखेरच्या शब्दांतून. बुटाची लेस घट्ट बांधा!

रद्दीतून रॉकेट
'कीप काम अँड कॅरी ऑन'. ब्रिटनने १९३९ मध्ये याची सुमारे २५ लाख पोस्टरं छापली, पण लावलीच नाहीत म्हणा ना! बहुतेक रद्दीत गेली. २००० मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक गावातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावातून आणलेल्या खोक्याच्या तळाशी एक प्रत सापडली. आज ती जगभरच्या मगांवर आणि टी-शर्टांवर आहे!

पोंऽऽ पोंऽऽ!
आणि ट्रकच्या पाठीवरची आपली लाडकी 'हॉर्न ओके प्लीज'? महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये तिच्यावर बंदी घातली. कारण? ती वाचून लोक खरंच हॉर्न वाजवतात! तरी हायवेवर बघा: लाल-पिवळ्या नक्षीत मधोमध भलामोठा 'ओके', खाली लोंबणारी काळी चप्पल आणि मागे हॉर्नवर तुमचाच हात. सरकारने कितीही हॉर्न दिला, तरी या घोषणेने काही साइड दिली नाही!