‘झुंड’वर बोला, पण तिकिटाचा हिशेबही मांडा!

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी पडद्यावर आला. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकविणारे विजय बारसे यांच्या कार्यावर तो बेतलेला आहे. प्रशिक्षकाच्या भूमिकेत अमिताभ बच्चन आणि त्यांच्यासमोर नवखी पोरे. त्यांतल्या अंकुश गेडाम याला २०२३ साली पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. जाणकारांनी वाखाणलेल्या या चित्रपटावरून आपल्या समाजात मात्र दोन तट पडले, आणि विषय निघाला की ते आजही पडतात.

एका बाजूचे म्हणणे असे, की आमची पोरे पडद्यावर आली तीही चोऱ्या करणारी, नशापाणी करणारी; आणि त्यांचा उद्धार करायला बाहेरून कोणी गुरुजी यावे लागले. समाज स्वतःच्या पायावर उभा राहिला तो बाबासाहेबांच्या विचारांमुळे, कोणाच्या दयेमुळे नव्हे. शिवाय तीन तासांची लांबी! दुसरी बाजू म्हणते, मोठ्या पडद्यावरच्या हिंदी चित्रपटात भीमजयंतीची मिरवणूक अशी थाटामाटात, आपल्या वस्तीच्या रंगात यापूर्वी कधी पाहिली होती? सगळ्यात मोठा नट बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हात जोडून उभा राहतो, ही गोष्ट लहान आहे काय?

आम्हाला विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तारणहाराची शंका रास्त आहे. परंतु याच चित्रपटात रिंकू राजगुरू हिने उभी केलेली आदिवासी मुलगीही आहे. खेळायला परदेशी जायचे तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला ओळखीचे कागद हवेत, आणि त्या कागदांसाठी बापलेक दारोदार फिरतात. तिथे कोणी गुरुजी मदतीला येत नाहीत. टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनांना तो भाग फार बोचतो. वस्ती आणि कॉलेज यांच्यामधली भिंत तर सारी गोष्टच सांगते.

पण या वादात भाग कोणी घेतला? ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांनी. आणि पाहिला कोणी? ज्यांना तिकीट परवडले त्यांनी! बाकीच्यांनी फोनवर आलेले तुकडे पाहून मत बनविले. इथे थोडा हिशेब मांडू या.

१ जुलै २०१७ पासून राज्याचा करमणूक कर जाऊन सिनेमाच्या तिकिटावर जीएसटी आला. आज १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के कर आहे; सप्टेंबर २०२५ पूर्वी तो १२ टक्के होता. १०० च्या वरच्या तिकिटावर १८ टक्के. समजा, तिकिटाची मूळ किंमत २०० रुपये आहे. कर धरून ते २३६ रुपयांना पडते. नवरा-बायको आणि दोन मुले म्हणजे ९४४ रुपये. त्यात जाण्यायेण्याचे भाडे आणि मध्यंतरात मुलांचा हट्ट मिळवा. बाहेरचे खाणे आत नेऊ न देण्याचा अधिकार थिएटरला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. मात्र पिण्याचे पाणी फुकट मिळालेच पाहिजे आणि तान्ह्या बाळाचे खाणे नेता आले पाहिजे, हेही बजावले. माताभगिनींनी हे ध्यानात ठेवावे आणि पाण्याची बाटली विकत घेण्याआधी पाणी मागावे!

मार्च २०२२ मध्येच काही राज्यांनी ‘द काश्मीर फाइल्स’ करमुक्त केला. तेव्हा ‘झुंड’च्या निर्मात्या सविता राज हिरेमठ यांनी, मग आमचा चित्रपट का नाही, असा जाहीर सवाल केला. सवाल न्यायाचाच होता. परंतु राज्य सोडते ते आपल्या वाट्याचे ९ टक्के. वरच्या हिशेबात तिकिटामागे १८ रुपये, चौघांमागे ७२. मान मिळाला असता, पण मजुराच्या खिशाला त्याने फारसा आधार झाला नसता.

आधार कशाने होतो, ते २३ सप्टेंबर २०२२ रोजी दिसले. राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून देशभर ७५ रुपयांना तिकीट ठेवले, आणि थिएटरे भरून गेली. म्हणजे लोकांना सिनेमा नको असतो असे नाही. दर नको असतो. पूर्वी एकाच टॉकीजमध्ये बाल्कनीत साहेब आणि खाली स्टॉलमध्ये हमाल, दोघेही एकच चित्रपट पाहून बाहेर पडत व चहाच्या टपरीवर त्यावर वाद घालत. आता तशी टॉकीज कमी उरली.

एखादा चित्रपट चालला की पडला, हे पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावरून ठरते. नेमक्या त्याच शुक्रवार ते रविवारी तिकीट महाग असते. आपला माणूस दोन महिन्यांनी घरी मोबाईलवर पाहतो, तोवर निकाल लागलेला असतो. मग पुढचा निर्माता म्हणतो, या विषयाला प्रेक्षक नाही!

म्हणून आमची सूचना आहे. मंडळांनी जयंतीच्या जमाखर्चात वर्षाला एका चित्रपटाची तरतूद करावी. पहिल्याच आठवड्यातला सोमवार ते गुरुवारचा सकाळचा खेळ निवडावा, थिएटरच्या व्यवस्थापकाला भेटून एकगठ्ठा तिकिटांचा दर ठरवावा, आणि कॉलेजच्या मुलामुलींबरोबर धुणीभांडी करणाऱ्या आयाबायांनाही न्यावे. नंतर विहारात बसून प्रत्येकाला बोलू द्यावे. चित्रपट आवडला नाही तर तसे स्पष्ट म्हणावे. एकमत व्हावे असा आमचा आग्रह मुळीच नाही. मतभेद जिवंत समाजाचे लक्षण आहे. फक्त ते मत ज्याचे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बनविलेले असावे.