लाईट आली, पण रेडिओ गप्पच

एक प्रयोग करा. फोन रीस्टार्ट करा, पण पिन टाकू नका. तसाच ठेवा आणि मित्राला कॉल करायला सांगा. रिंग वाजेल, पण बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनवर त्याच्या नावाऐवजी नुसता नंबर दिसेल. लावलेला अलार्मही वाजेल. व्हॉट्सअ‍ॅप मात्र पिन टाकेपर्यंत गप्प. म्हणजे फोन चालू होणं आणि आपण फोनच्या आत शिरणं, या दोन वेगळ्या वेळा आहेत आणि प्रत्येक वेळी वेगळी कामं सुरू होतात. हाच फरक लिनक्सवर विसरलो आणि परभणीतला माझा रेडिओ सर्व्हर आठ दिवस मुका राहिला.

सर्व्हर म्हणजे फार काही नाही. घरात एक रास्पबेरी पाय, त्याला मुळात टीव्ही बघण्यासाठी बनलेला यूएसबी डोंगल आणि गच्चीवर अँटेना. तो १४५.८२५ मेगाहर्ट्झवर कान लावून बसतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा हॅम रेडिओ याच फ्रिक्वेन्सीवर जमिनीवरून आलेले छोटे संदेश पुन्हा खाली पाठवतो. ही एपीआरएस नावाची पद्धत, अमेरिकेच्या बॉब ब्रुनिंगा यांनी तयार केलेली. माझा डबा ते संदेश उलगडून इंटरनेटवरच्या एपीआरएस नेटवर्कला देतो. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि एका फेरीत जेमतेम दहा मिनिटं आपल्या आकाशात असतं. तेवढ्यात डबा झोपलेला असेल तर ती फेरी गेली.

(डबा फक्त ऐकतो. पण नेटवर्कवर स्वतःचा कॉलसाइन लागतो, म्हणजे हॅम परवाना हवा. तो दूरसंचार विभागाकडून परीक्षा देऊन मिळतो आणि वय १२ पूर्ण असलं की चालतं. शाळकरी वाचकांनो, वाचताय ना?)

ही हौस वाटेल, आहेच. पण १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर केंद्र सरकारने हॅम ऑपरेटरांची पथकं तिकडे धाडली होती. लातूर आमच्यापासून लांब नाही. वीज आणि फोन दोन्ही गेलेले असताना उपयोगी पडायचं असेल, तर कुणी हात न लावता यंत्र उभं राहिलं पाहिजे.

माझी चूक अशी. रेडिओ सुरू करणारी ओळ मी होम फोल्डरमधल्या डॉट प्रोफाइल या फाइलमध्ये लिहिली. ही लॉगिन स्क्रिप्ट. कुणी लॉगिन केलं की शेल ती वाचतं, तोवर तिला कुणी विचारत नाही. दिवाळीत घरी होतो तेव्हा सगळं मस्त चालायचं. डबा बंद करून चालू करायचो, लॉगिन करून बघायचो, रेडिओ सुरू! अहो, बघायला गेलो म्हणूनच तो सुरू व्हायचा. मी पुण्याला परतलो, परभणीत लाईट गेली, आली, डबाही उठला. पण लॉगिन करणार कोण? आई?

आठ दिवसांनी फोनवरून टर्मक्समधून लॉगिन केलं तर रेडिओ छान चालू. मी म्हटलं, इंटरनेटचाच घोळ असणार. मग लॅपटॉपवरूनही लॉगिन केलं. लगेच एरर आली, डोंगल व्यस्त आहे. दुसऱ्या लॉगिनने रेडिओची दुसरी प्रत सुरू करायचा प्रयत्न केला होता. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बनी तो बनी, नहीं तो परभणी!

आता रेडिओ सिस्टमडीकडे दिलाय. यंत्र बूट होताना काय, कशानंतर आणि कुणाच्या नावाने सुरू करायचं हे तो बघतो. त्यासाठी एक छोटी सर्व्हिस फाइल लिहायची आणि ती एनेबल करायची. एनेबल विसरलात तर आजच्यापुरती चालेल, पुढच्या बूटला नाही.

खरी गंमत तपशिलात आहे. लाईट आल्यावर पाय आधी उठतो, राउटर रमतगमत येतो. म्हणून ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ या दोन्ही ओळींत नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट लिहायचं. तरी राउटर आहे पण इंटरनेट नाही, अशी वेळ येतेच. त्यासाठी ‘रीस्टार्ट’ ऑलवेज ठेवा आणि ‘रीस्टार्टसेक’ ३० करा. हा आकडा सोडला तर सिस्टमडी सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा प्रयत्न करतो, दहा सेकंदांत पाच वेळा आपटला की कायमचा नाद सोडतो. शिवाय डोंगलकडून डायरवुल्फ या डिकोडरला आवाज पाइपने जातो आणि सर्व्हिस फाइलला पाइपचं चिन्ह कळत नाही. त्या दोन कमांड वेगळ्या शेल स्क्रिप्टमध्ये ठेवून तिचा पूर्ण पत्ता द्या. आणि कर्नल या डोंगलला अजूनही टीव्हीच समजतो, त्यामुळे त्याचा टीव्ही ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करावा लागतो.

एक सापळा अजून. सिस्टमडीत ‘यूझर सर्व्हिस’ही असते. नाव सर्व्हिस, पण लिंगर चालू केलं नाही तर तीही लॉगिनचीच वाट बघते.

लॉगिन स्क्रिप्ट मी काढून टाकली नाही. माणसाला लागणारं सगळं तिथेच शोभतं. आता आत शिरलं की शेवटचा संदेश कधी ऐकला, डबा किती वेळ चालू आहे आणि तापमान किती, हे दिसतं. परभणीचा मे महिना माहीत असलेल्यांना शेवटचा आकडा का ते सांगायला नको.

डबा नसेल तर हे सगळं फोनवर करून बघता येतं. टर्मक्स उघडलं की बॅशआरसी फाइल चालते, ती लॉगिनची बाजू. टर्मक्स-बूट हे जोड अ‍ॅप टाकून एकदा उघडलं की त्याच्या बूट फोल्डरमधली स्क्रिप्ट फोन चालू होऊन पहिल्यांदा पिन टाकल्यावर आपोआप चालते. दोन्ही अ‍ॅप एफ-ड्रॉइडवरूनच घ्या आणि बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा.

तपासताना मात्र आत शिरू नका. रीबूट द्या आणि बाहेरून बघा. माझा डबा दर अर्ध्या तासाने नेटवर्कवर आपली हजेरी लावतो, ती एपीआरएस डॉट एफआय या साइटवर फोनमध्येच दिसते. परवा आईचा मेसेज आला, ‘दुपारपासून लाईट नव्हती, आत्ता आली.’ मी पुण्यात बसमध्ये उभा होतो. साइट उघडून ठेवली, लॉगिन केलं नाही. स्वारगेट यायच्या आत नकाशावर परभणीचा ठिपका ताजा झाला होता.