जंगल कार्बन घेतं, पण साठवतं किती?

‘झाडे कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात’ हे वाक्य मुलांना तोंडपाठ असतं. पण त्यावरून एक समज होतो, की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडांची चंगळच! ती जास्त वाढतील, जास्त कार्बन साठवतील. खरंच तसं होतं का?

आधी झाडाचा जमाखर्च पाहू.

जमा: पानं हवेतला कार्बन घेऊन अन्न तयार करतात.
खर्च: झाड रात्रंदिवस श्वसन करतं, तेव्हा त्यातला बराच कार्बन परत हवेत जातो. गळलेली पानं आणि मेलेली मुळं कुजतानाही तो सुटतो.
शिल्लक: खोड, फांद्या, मुळं आणि मातीत जे उरतं ते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो.

उद्याच्या हवेत ही शिल्लक वाढेल का, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ निलगिरीच्या जुन्या जंगलात २०१२ मध्ये प्रयोग सुरू झाला. झाडांभोवती उंच नळ्यांची वर्तुळं उभारली. काही वर्तुळांत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांमागे १५० भागांनी वाढवला, तर बाकीच्यांत नेहमीचीच हवा ठेवली. २०२० मध्ये निष्कर्ष आले. झाडांनी सुमारे १२ टक्के जास्त कार्बन घेतला, पण खोडं काही जास्त वाढली नाहीत! जादा कार्बन झाडांच्या आणि मातीच्या श्वसनातून परत हवेत गेला. तिथल्या मातीत फॉस्फरस कमी आहे. नुसता भात वाढला, वरण नाही, तर बाळसं कसं धरणार?

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या जुन्या ओक जंगलात असाच प्रयोग झाला. तिथे मात्र सात वर्षांत लाकडाची वाढ सरासरी सुमारे १० टक्क्यांनी जास्त झाली. म्हणजे प्रत्येक जंगलाचं उत्तर वेगळं. शिवाय दुष्काळ पडला, वणवा लागला, तर वर्षानुवर्षांची शिल्लकही हवेत जाते.

वर्गात काय करता येईल? शाळेतल्या एखाद्या झाडाच्या खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर टेपने मोजा. संशोधकही याच उंचीवर मोजतात. तिथे रंगाने खूण करा आणि दरवर्षी त्याच तारखेला पुन्हा मोजून वहीत लिहा. पाचवीतली मुलं दहावीत जाईपर्यंत त्यांच्या हाती झाडाचं स्वतःचं पासबुक असेल. मग वृक्षारोपणाच्या दिवशी ‘किती रोपं लावली?’ याबरोबरच ‘मागची किती जगली, किती वाढली?’ हेही मुलंच विचारतील.