लूज यूएसबी पोर्ट : बदलण्याआधी काय बघायचं आणि पैसे कशाचे घ्यायचे

मागच्या व्हिडिओत मी लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट काढून नवीन बसवून दाखवला. तो बघून तुम्हाला वाटलं असेल, हॉट एअर मशीन घेतलं की झालं दुकान सुरू. पण व्हिडिओ लांबायला नको म्हणून सोल्डरिंगच्या आधीची तपासणी मी कापून टाकली होती, आणि खरा धंदा त्या तपासणीतच आहे. म्हणून हा लेख.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. आमच्या गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या एक ताई लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांचं बोटाचे ठसे घेणारं मशीन यूएसबीवर चालतं. पोर्ट लूज, त्यामुळे ठसा घेताना जरा धक्का लागला की मशीन बंद, भरलेला फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. "दादा, माणसं रांगेत उभी राहून परत जातायत हो. संध्याकाळपर्यंत द्या." मी म्हटलं, देतो. घाईत कथील पूर्ण वितळायच्या आधीच पोर्ट चिमट्याने ओढला आणि बोर्डवरचे दोन पॅड त्याच्याबरोबर उखडून आले. डेटाच्या लाइनचेच दोन्ही. मग रात्री केसासारखी बारीक वायर जोडून लाइन परत ओढली, पण पोर्ट चालायला दोन दिवस गेले. ते दोन दिवस माझा दुकानाचा लॅपटॉप ताईंना देऊन टाकला आणि मी बिलं हाताने लिहिली. पैसे एक रुपया घेतला नाही.

नंतर शांतपणे तो काढलेला पोर्ट बघितला तर त्याच्या पिना चांगल्या होत्या. फक्त बाहेरच्या पत्र्याचे पाय बोर्डवर सुटले होते. चारही पायांना नवीन कथील लावलं असतं, तर १५ मिनिटांत काम झालं असतं. पोर्ट बदलायची गरजच नव्हती.

आता "लूज" या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या. गिऱ्हाईक सगळ्यालाच लूज म्हणतं, पण त्यात तीन-चार वेगवेगळे आजार असतात.

मोबाइलच्या मायक्रो यूएसबी आणि टाइप-सीमध्ये पकड धरणारी स्प्रिंग पोर्टात नसते, केबलच्या पिनेत असते. हे मुद्दाम तसं केलंय, म्हणजे झीज स्वस्त वस्तूची व्हावी, केबल बदलली की काम भागावं. म्हणून टाइप-सी लूज वाटला की पहिल्यांदा दुकानातली नवी केबल लावून बघा. माझ्याकडे एक चांगली केबल फक्त तपासणीसाठी ठेवलेली असते, ती विकायची नाही आणि घरी चार्जिंगलाही न्यायची नाही. नव्या केबलने "टक्" करून पकडलं तर दोष केबलचा. तीन-चारशेची केबल विका, दुरुस्तीचे पैसे मागू नका.

नवी केबलही पूर्ण आत जात नसेल तर पोर्टात बॅटरी मारून बघा. खिशातल्या कपड्याचा कचरा दाबून दाबून तळाशी नमद्यासारखा बसलेला असतो. वरून काळं दिसतं म्हणून आपल्याला ते पोर्टाचं बूड वाटतं. यंत्र बंद करून बारीक केलेल्या लाकडी टूथपिकने तो हळूच काढा, मग आयपीएचा ब्रश फिरवा आणि वाळू द्या. सुई किंवा सेफ्टी पिन अजिबात घालू नका. टाइप-सीमध्ये दोन पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर आहे, सुई दोघींना एकदम लागते. माझ्याकडे येणाऱ्या "चार्जिंग होत नाही"वाल्या मोबाइलांपैकी बरेच इथेच बरे होतात.

कॉम्प्युटरचा चौकोनी टाइप-ए पोर्ट वेगळा. त्याच्या आत पत्र्याच्या छोट्या पट्ट्या असतात, त्या पिनेला दाबून धरतात. वर्षानुवर्षं वापरून त्या पसरतात. साध्या टाइप-ए पोर्टासाठी मानक १५०० वेळा घाल-काढ धरतं, मायक्रो यूएसबी आणि टाइप-सीसाठी १०,००० वेळा. आता झेरॉक्सच्या दुकानाचा हिशोब करा. दिवसाला २० पेनड्राइव्ह लागले तर अडीच महिन्यांत १५०० होतात! पोर्ट त्याच दिवशी मरतो असं नाही, पण अशा गिऱ्हाइकाला मी छोटी एक्स्टेंशन केबल कायमची लावून देतो. पेनड्राइव्ह तिच्यात घालायचे, झिजली की ती फेकायची. त्या केबलवर मला फार सुटत नाही, पण तो झेरॉक्सवाला बाकी सगळ्या कामाला माझ्याकडेच येतो.

मग हलवून बघा. फक्त पिन हलते आणि पोर्ट स्थिर आहे, तर पट्ट्या पसरल्यात. यंत्र बंद आणि बॅटरी सुटी करून त्या किंचित आत वाकवता येतात. पूर्ण पोर्टच बोर्डवर डुलतो, तर ताईंच्या लॅपटॉपसारखे पाय सुटलेत. आणि आतली प्लास्टिकची जीभ तुटलेली किंवा पिन वाकलेली असेल, तरच पोर्ट बदलायचा विषय. डेस्कटॉपचा पुढचा पोर्ट असेल तर सोल्डरिंग विसराच, तो वायरने मदरबोर्डला लागलेला असतो, पॅनेल बदला. बऱ्याच लॅपटॉप आणि मोबाइलमध्येही पोर्ट छोट्या वेगळ्या बोर्डवर असतो, तो अख्खा बोर्ड बाजारात मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाताना जुना भाग बरोबर न्या. टाइप-सी पोर्ट दिसायला सारखेच, पण पायांचं अंतर वेगळं असतं. काही बोर्डच्या वर बसतात, तर काही बोर्डला पाडलेल्या खाचेत. फोटो दाखवून आणलेले पोर्ट माझ्याकडे डबाभर पडलेत.

पोर्ट अजिबात हलत नाही, तरी कनेक्शन तुटतंय? मग विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि यूएसबी रूट हबला वीज वाचवण्यासाठी बंद होण्याची जी परवानगी असते, ती काढून बघा. माउस चालतो पण बाहेरची हार्ड डिस्क लावली की बंद पडते, तर करंट कमी पोचतोय असं समजा. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअँपियर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९०० देतो. माउसला त्यातलं थोडंसंच लागतं, म्हणून फक्त माउस लावून "पोर्ट ओके" म्हणू नका.

बदलायचंच ठरलं तर थोडक्यात सांगतो, बाकी व्हिडिओत आहे. पहिलं काम बॅटरी सुटी करणं. बोर्डचा फोटो काढा, आजूबाजूच्या प्लास्टिकवर कॅप्टन टेप लावा. कंपनीचं कथील शिशाशिवायचं असतं, ते साधारण २१७ अंशाला वितळतं. आपलं ६३/३७ कथील १८३ अंशालाच वितळतं. म्हणून आधी भरपूर फ्लक्स लावून जुन्या पायांवर आपलं कथील चढवा, दोन्ही मिसळले की काम कमी उष्णतेत होतं. मग हॉट एअर. चिमट्याने पोर्ट फक्त टोचून बघा. तो आपोआप तरंगल्यासारखा हलला, तरच उचला. हलत नसेल तर थांबा. माझे दोन पॅड इथेच गेले होते.

नवा पोर्ट बसवल्यावर चार्जर लावायची घाई करू नका. भिंगाखाली बघा, मग मल्टीमीटरने ५ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना, ते तपासा. डायोड मोडमध्ये लाल टोक ग्राउंडला लावा आणि काळं टोक डेटाच्या दोन्ही पिनांना एकेक करून. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक येतो आणि दुसरा उघडा दाखवतो, तर तिथे कथील धरलेलं नाही. टाइप-सीमध्ये पॉवरच्या पिनेला लागूनच सीसी नावाची पिन असते, तिच्यावरून चार्जर आणि लॅपटॉप किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतात. लॅपटॉपचा चार्जर २० व्होल्टपर्यंत जातो. तेव्हा या दोन पिनांमध्ये कथिलाचा थेंब राहिला तर पोर्टाबरोबर मागची चिपही जाऊ शकते. केबल एका बाजूने चालते आणि उलटी केली की चालत नाही, तरीही आधी या सीसी पिनाच बघायच्या.

आणि हो, शिशाच्या कथिलावर काम केल्यावर हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका, पंखा धूर बाहेर फेकेल असा ठेवा.

आता पैसे. माझा दर सांगतो, तुमच्या गावाप्रमाणे बदला. तपासणी आणि सफाई १०० रुपये, पाय पुन्हा सोल्डर करणं २५०, लॅपटॉपचा पोर्ट बदलणं ६०० ते ७००. पोर्ट ४० रुपयांचा असतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "४० च्या वस्तूचे ६०० कसे?" रागावू नका. खोलणं, काढणं, बसवणं, तपासणं यात माझा दीड तास जातो, वर ३० दिवसांची हमी मी देतो. तो पोर्ट परत आला तर दुसरा दीड तास फुकट जातो. हे तोंडावर सांगितलं की बहुतेक लोक समजून घेतात.

मात्र १०० रुपयांचं काम ६०० ला करायचा मोह होतोच, आणि आपलं छोटं गाव आहे. तीच केबल दुसऱ्या दुकानात बदलून मोबाइल चालू झाला, की ती गोष्ट आठवडी बाजारात पोचते. म्हणून मी जुना कचरा, तुटलेला पोर्ट, जे निघेल ते छोट्या पिशवीत घालून गिऱ्हाइकालाच देतो.

जॉब कार्डवर चार गोष्टी लिहून सही घ्या. यंत्र आलं तेव्हा कोणते पोर्ट चालत होते, डेटाचा बॅकअप आहे का, कंपनीची वॉरंटी बाकी आहे का, आणि पॅड उखडले तर वाढीव खर्च कोण करणार. माझ्याकडे शेवटच्याचं उत्तर "दुकान" असं छापलेलंच आहे. वॉरंटी बाकी असेल तर मी यंत्र उघडत नाही, सर्व्हिस सेंटरला पाठवतो. एक गिऱ्हाईक गेलं असं वाटतं, पण तो माणूस परत येतो.

शिकायचं असेल तर भंगारातून किलोवर जुने बोर्ड आणा आणि ५० पोर्ट काढून परत बसवा. पहिले दहा जळतील, जळू द्या. सोल्डरिंग आयर्न, हॉट एअर, मल्टीमीटर, भिंग आणि बाकी सामान मिळून माझे तेव्हा ११ हजारांच्या आसपास गेले होते. हे महागडं सामान सरावाआधी घेतलं तरी चालेल, पण दुकानाची पाटी सरावानंतर लावा.

ताई अजूनही माझ्याकडेच येतात. गेल्या महिन्यात प्रिंटर घेऊन आल्या होत्या. फक्त केबल बदलून दिली.