रंकाळ्याच्या पाण्यातले 7.9 टक्के

शिवाजी पेठेला लागून असलेल्या रंकाळा तलावाचे पाणी बरणीत अर्धे भरा, झाकण घट्ट लावा आणि 25 अंश सेल्सिअसला ठेवून द्या. समतोल साधला की खालच्या पाण्यात ड्युटेरियमचे प्रमाण वरच्या वाफेतल्यापेक्षा 7.9 टक्क्यांनी जास्त भरते. ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. त्याच्या केंद्रकात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो. साध्या पाण्यात दर 6,400 हायड्रोजन अणूंमागे तो साधारण एक सापडतो. लिटरभर पाण्यात असा एक जड अणू असलेले रेणू जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम भरतात.

आता हेच पाणी संगणकात घ्या. रेणूंच्या नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉनांना क्वांटमचे नियम लावले, तरी केंद्रके न्यूटनच्या नियमांनी फिरणारे गोळे मानली जातात. त्या हिशेबात 7.9च्या जागी उत्तर येते 0. यात आकडेमोडीची चूक नाही. न्यूटनच्या नियमांनुसार समतोलातल्या पाण्यात कोणता अणू कुठे सापडेल, हे फक्त अणूंमधल्या बलांवर आणि तापमानावर ठरते. वस्तुमानाचा तिथे संबंधच येत नाही आणि बले तर हायड्रोजन आणि ड्युटेरियम दोघांनाही सारखीच. संगणक कितीही मोठा घेतला तरी शून्यच येणार.

प्रत्यक्षात फरक किती ठळक आहेत पाहा. जड पाणी, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेले पाणी, 3.8 अंशांना गोठते आणि 101.4 अंशांना उकळते. साधे पाणी 4 अंशांना सर्वांत दाट असते, जड पाणी 11.2 अंशांना. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा स्फटिक सुमारे 123 केल्विनला आपली विद्युत अवस्था बदलतो. त्यातला हायड्रोजन काढून ड्युटेरियम घातला की हाच बदल 229 केल्विनच्या आसपास होतो. शंभर अंशांहून मोठी ही उडी गोळ्यांच्या सिम्युलेशनमध्ये पूर्णपणे गायब असते.

महाराष्ट्रात तर हायड्रोजन आणि ड्युटेरियममधल्या या फरकावर एक अख्खा कारखाना उभा आहे. रायगड जिल्ह्यातला थळचा जड पाणी प्रकल्प 1987 पासून चालू आहे. तिथे अमोनिया आणि हायड्रोजन वायू एकमेकांच्या संपर्कात आणतात, ड्युटेरियम अमोनियाकडे जास्त ओढला जातो आणि टप्प्याटप्प्याने त्याचे प्रमाण वाढवत नेतात. तारापूरच्या प्रत्येकी 540 मेगावॅटच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्यांना जड पाणीच लागते. केंद्रके खरोखर गोळे असती, तर ड्युटेरियमची वाटणी दोन्हीकडे सारखी झाली असती आणि थळची पद्धत चाललीच नसती.

गोळ्यांचा हिशेब का फसतो, याचे कारण आकड्यांतच आहे. 300 केल्विनला उष्णतेची ऊर्जा मोलमागे 2.5 किलोज्यूल असते. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या कंपनात मात्र निरपेक्ष शून्यालाही सुमारे 22 किलोज्यूल शिल्लक असतात. ही शून्यबिंदू ऊर्जा. ड्युटेरियम असेल तर ती 16च्या आसपास उतरते. दुसरा आकडा पसरटपणाचा. त्याच तापमानाला प्रोटॉनची औष्णिक तरंगलांबी 1.0 अँगस्ट्रॉम येते, म्हणजे मीटरचा 1,000 कोटीवा भाग. ज्या बंधात तो प्रोटॉन बसतो, त्याची लांबी 0.96. आपल्या बंधाएवढ्या पसरलेल्या कणाला बिंदू म्हणणे मला तरी पटत नाही. ऑक्सिजनचा हाच आकडा 0.25 आहे, त्याला गोळा मानले तर बरेचसे निभावते.

उपाय जुना आहे. फाइनमन यांच्या 1948च्या मार्ग-संकलनाचा आधार घेऊन चँडलर आणि वॉलिन्स यांनी 1981 मध्ये दाखवले की एका क्वांटम कणाऐवजी स्प्रिंगांनी जोडलेल्या मण्यांची बंद माळ घेतली, तर समतोलाची गणिते बरोबर येतात. पॅरिनेलो आणि मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी 1984 मध्ये ही माळ रेणूंच्या सिम्युलेशनमध्ये चालवून दाखवली. साध्या तापमानाच्या पाण्याला साधारण 32 मणी लागतात. थंडी वाढली की मणी वाढतात.

खर्चही त्याच पटीत. अर्ध्या फेम्टोसेकंदाची एक पायरी धरली, तर 10 पिकोसेकंदांना 20,000 पायऱ्या होतात. एका पायरीला 10 सेकंद लागतात असे समजू. गोळ्यांचे काम सव्वादोन दिवसांत आटोपते, 32 मण्यांना 74 दिवस लागतात. खास रचलेल्या थर्मोस्टॅटने 6 मण्यांवर भागवता येते. मग 14 दिवस. बलांचे गणित मशीन लर्निंगने शिकवून घेतले, तर हा काळ आणखी खूप खाली येतो. त्यामुळे ‘परवडत नाही’ हे कारण आता लंगडे पडले आहे.

सर्वांत मोलाचा आकडा मात्र 7.9 नव्हे. तापमान वाढवत न्या. 100 अंशांना पाणी आणि वाफेतला फरक 2.7 टक्के उरतो, दाबाखाली 220 ते 230 अंशांच्या दरम्यान शून्य होतो आणि त्यापुढे उलटतो. मग ड्युटेरियम वाफेत जास्त राहतो. मार्कलँड आणि बर्न यांनी 2012 मध्ये याची उकल केली. द्रव पाण्यात हायड्रोजन बंधांमुळे रेणूचे डोलणे आवळले जाते, त्यामुळे ड्युटेरियमला द्रवच सोयीचा. त्याच बंधांमुळे ऑक्सिजन-हायड्रोजनचे ताणले जाणे सैल होते, म्हणून त्याला वाफही सोयीची. दोन मोठे परिणाम परस्परविरुद्ध ओढतात आणि आपल्याला दिसते ती फक्त वजाबाकी.

धोका इथेच आहे. वजाबाकी लहान आली की क्वांटम परिणाम नगण्य आहे असे वाटते. शिवाय पाण्याची अनेक प्रतिरूपे प्रयोगातले आकडे जुळवूनच बेतलेली असतात. त्यात क्वांटम परिणाम आधीच नकळत मुरलेला असतो. तापमान, दाब किंवा समस्थानिक बदलला की अशा प्रतिरूपाचा भरवसा उरत नाही.

शिवाजी विद्यापीठात किंवा कुठेही पाण्यावर, हायड्रोजन साठवणाऱ्या पदार्थांवर, विकरांवर संगणकीय काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच: मण्यांच्या माळा चालवणारी आय-पायसारखी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. आपले प्रतिरूप एकदा पाण्यात ड्युटेरियम घालूनही चालवा आणि 25 अंशांना 7.9 येतात का ते तपासा.