लिंबू, साखर आणि १८ मिलीलिटर

लिंबू सरबत कसं करायचं हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. लिंबू पिळायचं, साखर, चिमूटभर मीठ, ढवळायचं, चाखायचं, आणि मग कुणीतरी म्हणतंच, ‘अजून थोडी साखर हवी.’ आजचं पेय याच सरबताच्या घरातलं आहे, फक्त त्यात व्होडका आहे. लिंबू, साखर, व्होडका, बर्फ. इंग्रजीत याला लेमन ड्रॉप म्हणतात. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ‘हेन्री आफ्रिकाज’ या बारमधून ते पुढे आलं, आणि नाव पडलं लिंबाच्या आंबटगोड गोळीवरून. म्हणजे आपल्या लिमलेटच्या गोळीची नातेवाईकच.

पॉडकास्ट ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण विशी-तिशीतले, घरापासून लांब, पहिल्यांदाच स्वतःच्या घरी मित्रमंडळींना बोलावणारे. मी स्वतः अबुधाबीत पोस्टडॉक करते, आणि वीकेंडला कुणाकडे जमलं की हे पेय हमखास निघतं. करायला सोपं, चवीला ओळखीचं. पण ज्या गुणांमुळे ते चांगलं लागतं, त्याच गुणांमुळे आपण किती प्यायलो याचा अंदाज चुकतो. म्हणून आज कृती आणि हिशोब दोन्ही एकत्र बघू.

आधी कायदा

अबुधाबीत सप्टेंबर २०२० पासून वैयक्तिक वापरासाठी दारू घ्यायला परवाना लागत नाही. वय २१ पूर्ण हवं, खरेदी अधिकृत दुकानातून हवी, आणि पिणं घरात किंवा परवाना असलेल्या ठिकाणीच. कॉर्निशवर, बागेत, समुद्रकिनाऱ्यावर नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत इथे ‘थोडीशी चालते’ अशी मर्यादाच नाही. शून्य म्हणजे शून्य. शारजात दारूला बंदी आहे, त्यामुळे बाटली गाडीत टाकून तिकडच्या मित्राकडे जायचा बेत करू नका.

गंमत म्हणजे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. तिथे कागदोपत्री परवाना लागतो, आणि व्होडकासारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ ची आहे. म्हणजे २३ वर्षांच्या मुलीने अबुधाबीत घरी केलेलं हे पेय कायद्यात बसतं, आणि तीच मुलगी सुट्टीत पुण्याला गेली की बसत नाही.

हे पेय तितकं परकं नाही

दारूत लिंबू आणि साखर घालायची कल्पना आपल्याच किनाऱ्यावर खूप जुनी आहे. १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाच्या प्रवासवर्णनात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांच्या पेयाचा उल्लेख येतो. पुढे १६७० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर इकडे आला. त्याचं पुस्तक १६९८ मध्ये छापलं गेलं. गोव्यातल्या नेरूळची दारू उत्तम, आणि त्यापासून इंग्रज लोक ‘पंच’ करतात, असं त्याने लिहिलंय. पाच घटक म्हणून पंच, हेही त्यानेच नोंदवलंय. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला अशी ही पाच नावं सहसा सांगतात. शब्दाची ही व्युत्पत्ती सगळे अभ्यासक मान्य करत नाहीत, पण पेयाचा पत्ता पश्चिम किनाऱ्याकडेच बोट दाखवतो. आजही गोव्यात उन्हाळ्यात काजूची उर्राक लिंबू आणि लिमका घालून पितात. तर्क तोच.

पंच मोठ्या भांड्यात करायचे आणि सगळे त्यातूनच घ्यायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

एका ग्लासचं माप

व्होडका ४५ मिलीलिटर, ताजा लिंबूरस २५ मिलीलिटर, साखरेचा पाक २५ मिलीलिटर, चिमूटभर मीठ, भरपूर बर्फ. जिगर नसेल तर मापाचे चमचे घ्या. मोठा चमचा १५ मिलीलिटरचा असतो, असे तीन म्हणजे व्होडका झाली. छोटा ५ चा, असे पाच म्हणजे रस, आणि पुन्हा पाच म्हणजे पाक.

पाक म्हणजे तारेचा नाही. १०० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम पाणी, साखर विरघळेपर्यंत कोमट करायचं, गार करायचं, झालं. थेट साखर घातली तर थंड पेयात ती नीट विरघळत नाही आणि तळाशी बसते.

आता थोडं गणित. या पाकाच्या २५ मिलीलिटरमध्ये साधारण १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास चार छोटे चमचे. लिंबाच्या रसात ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असतं, म्हणजे २५ मिलीलिटरमध्ये सुमारे दीड ग्रॅम. साखर आणि आम्ल यांचं प्रमाण झालं दहास एक. घरचं सरबतही याच्याच आसपास असतं. फरक इतकाच की सरबतात पाणी जास्त असतं, आणि इथे तीच चव साधारण दुप्पट गाढ आहे.

लिंबू कुठलं घ्यायचं? मराठीत दोन्हीला लिंबूच म्हणतो, पण पातळ सालीचं छोटं कागदी लिंबू वेगळं आणि जाड सालीचं मोठं पिवळं लिंबू वेगळं. इथे दोन्ही मिळतात. आंबटपणात फार फरक नाही, वासात आहे. मूळ पेय पिवळ्या लिंबाचं. कागदी लिंबू घेतलंत तर चव सरबताकडे झुकते, आणि मला विचाराल तर तेही छानच लागतं. बाटलीतला तयार रस मात्र टाळा. आंबटपणा मिळतो, वास मिळत नाही.

वासाचा मोठा भाग सालीच्या तेलात असतो. दोन पिवळी लिंबं कोमट पाण्याने घासून धुवा, कारण सालीवर बऱ्याचदा मेण लावलेलं असतं. मग फक्त पिवळा भाग सोला. पांढरा भाग कडू असतो. ही सालं १०० ग्रॅम साखरेत चुरडून दोन-तीन तास मुरू द्या. साखर ओलसर होते आणि तेल ओढून घेते. मग पाणी घालून पाक करा आणि गाळा. सालं नसतील तर पाकात गवती चहाची पात उकळा. लिंबाला लिंबाचा वास देणारं सिट्रल हे गवती चहाच्या तेलाचाही मुख्य घटक आहे.

हलवायचं का?

घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्या, काचेचा नको. सगळं घाला, डबा बर्फाने भरा, १२ ते १५ सेकंद जोरात हलवा आणि चहाच्या गाळणीने गाळा.

हलवताना दोन गोष्टी होतात: पेय गार होतं आणि त्यात पाणी मिसळतं. या दोन्ही एकच घटना आहेत, कारण बर्फ वितळतो तेव्हाच तो उष्णता ओढतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल घेतो. आपलं १०० ग्रॅमच्या आसपासचं मिश्रण २५ अंशांवरून शून्याच्या थोडं खाली न्यायला साधारण ११,००० ज्यूल काढावे लागतात. भागाकार केला की ३० ग्रॅमच्या आसपास पाणी येतं. हे पाणी कृतीचा भागच आहे. ते नसेल तर पेय घशाला बोचतं.

शून्याच्या खाली कसं? घरी पॉट आइसक्रीम केलं असेल त्यांना उत्तर माहीत आहे. बर्फात खडे मीठ घालून पॉट फिरवायचा, कारण मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. इथे तेच काम अल्कोहोल करतं. व्होडका आधीच फ्रीजरमध्ये ठेवली असेल तर बर्फ कमी वितळेल आणि पेय कडक होईल. मग दोन छोटे चमचे गार पाणी वरून घाला.

ग्लासच्या कडेला साखर लावायची असेल तर फक्त बाहेरच्या बाजूने, अर्ध्या कडेला लावा. आखातातला खास हात द्यायचा असेल तर लूमी, म्हणजे इथलं वाळवलेलं काळं लिंबू, कुटून चिमूटभर साखरेत मिसळा. धुरकट आंबट वास येतो.

आता हिशोब

४५ मिलीलिटर व्होडकात ४० टक्क्यांनी १८ मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. वजनात साधारण १४ ग्रॅम. वितळलेल्या पाण्यासकट ग्लास भरतो १२५ मिलीलिटरच्या आसपास, म्हणजे तीव्रता १४ टक्के. वाइनएवढी. पण वाइन आपण घोट घोट घेतो, आणि हे सरबतासारखं जातं.

असं का होतं? अल्कोहोलची जळजळ टीआरपीव्ही-१ या प्रथिनामुळे जाणवते. मिरचीचा तिखटपणा आणि चहाचा चटकाही तेच कळवतं. ते उष्णतेने जागं होतं, त्यामुळे बर्फगार पेयात जळजळ कमी लागते. त्यात आंबट आणि गोड एकमेकांना दाबतात, आणि दोन्ही मिळून अल्कोहोलचा कडवटपणाही झाकतात. थंडीत गोडवाही कमी जाणवतो, म्हणून साखर वाढवायचा मोह होतो आणि झाकण अजून घट्ट बसतं. जीभ जी धोक्याची घंटा वाजवते, ती आपण चवीसाठी बंद केलेली असते.

यकृताला मात्र चव कळत नाही. ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हाताळतं. म्हणजे एका ग्लासला दीड ते दोन तास. पाऊण तासात तीन ग्लास झाले तर काय, हे तुम्हीच मांडा. अंदाजाने ‘थोडी अजून’ ओतली आणि ४५ चे ७० झाले, तर एका ग्लासचे दीडपेक्षा जास्त ग्लास झाले, आणि चवीत ते फारसं कळणारही नाही. तब्येतीबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. गरोदरपणात, यकृताच्या आजारात, किंवा औषधं चालू असून डॉक्टरांना विचारलेलं नसेल तर हा ग्लास नकोच.

जग एक, बाटली वेगळी

म्हणून माझी शिफारस पंचच्या उलट आहे. पाहुणे आले की लिंबूरस आणि पाक समसमान मिसळून एक जग भरा आणि त्यात व्होडका अजिबात घालू नका. प्रत्येक ग्लासला या मिश्रणाचे ५० मिलीलिटर. ज्याला हवी त्याच्या डब्यात मापून ४५ मिलीलिटर व्होडका, ज्याला नको त्याच्या डब्यात तेवढंच गार पाणी किंवा गवती चहाचा गार काढा. तीच साखर, तोच बर्फ, तेच हलवणं, तसाच ग्लास. पुदिन्याची पानं चुरडून घातलीत तर इथल्या प्रत्येक कॅफेत मिळणारं लेमन मिंटच झालं.

याने दोन गोष्टी साधतात. किती ग्लास झाले हे मोजता येतं, कारण प्रत्येक वेळी बाटली उघडावी लागते. आणि ज्याला प्यायची नाही त्याला कारणं द्यावी लागत नाहीत. गाडी चालवायची असेल, औषध चालू असेल, उपवास असेल, किंवा नुसतंच नको असेल. त्याच्या हातातला ग्लास बाकीच्यांसारखाच दिसतो. आपल्याकडे आग्रहाला मान आहे. तो जिलबीचा करा, मसालेभाताचा करा. व्होडकाचं माप मात्र ज्याचं त्याला ठरवू द्या, आणि टॅक्सी आधीच ठरवून ठेवा.